एलव्हीएम स्नॅपशॉट पेरेंटपासून कायमचा वेगळा करायचाय, स्प्लिटस्नॅपशॉट चालवू का?

वाचनालय_सर्व्हर:
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा सर्व्हर मी बघतो, डेबियन लिनक्स आहे, एलव्हीएम (डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटणारी व्यवस्था) वर एक्सएफएस फाइलसिस्टिम. व्हीजी (व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे डिस्कची एकत्रित जागा) मध्ये 'साठा' नावाचं ४०० जीबीचं व्हॉल्यूम, त्यात कॅटलॉगचा डेटाबेस आणि जुन्या मासिकांचे स्कॅन. कॅटलॉग सगळा श्रीलिपीच्या काळात टाइप केलेला, म्हणजे युनिकोड नाही, त्यामुळे वाचकाने पुस्तकाचं नाव टाकून शोधलं की काहीच यायचं नाही. तो युनिकोडमध्ये आणायचं ठरलं, मूळ डेटाला हात लागू नये म्हणून साठाचा स्नॅपशॉट (त्या क्षणाचं, लिहिता येणारं चित्र) घेतला, नाव 'साठा_युनि', ६० जीबी दिले, आणि सगळं कन्व्हर्जन त्या स्नॅपशॉटवरच केलं. काम छान झालं, रफार, जोडाक्षरं, ऱ्ह आणि ऱ्य वगैरे काउंटरवरच्या ताईंनी एकेक नोंद बघून तपासली. मग सगळ्यांना तेच आवडलं आणि रोजची देवघेव पण त्याच्यावरच सुरू झाली, मूळ साठा तेव्हापासून माउंटसुद्धा नाहीये.

आता प्रश्न असा की मला हा स्नॅपशॉट पेरेंटपासून (म्हणजे मूळ साठापासून) मोकळा करून स्वतंत्र व्हॉल्यूम करायचाय आणि पेरेंट काढून टाकायचंय. एलव्हीकन्व्हर्ट कमांडच्या मॅन पेजमध्ये (माहितीपानात) स्प्लिटस्नॅपशॉट असा ऑप्शन दिसला, नावावरून तर हेच पाहिजे असं वाटतंय. तो चालवून मग पेरेंटवर एलव्हीरिमूव्ह केलं तर चालेल ना? व्हीजीत ३५ जीबीच शिल्लक आहे.

रात्रपाळी:
थांबा, चालवू नका. नावावर अजिबात जाऊ नका. स्प्लिटस्नॅपशॉटने जे वेगळं निघतं ते तुमचं ४०० जीबीचं व्हॉल्यूम नसतं, निघतो फक्त कॉपी-ऑन-राइटचा भाग, म्हणजे पेरेंटपेक्षा जेवढे चंक (डेटाचे ठरावीक तुकडे) वेगळे आहेत तेवढेच आणि कुठला चंक कुठे बसतो त्याची नोंदवही. तो तुकडा स्वतः माउंट होत नाही, त्यात फाइलसिस्टिम म्हणून काही नसतंच. मॅन पेजमध्ये पुढच्याच ओळीत लिहिलंय की हे निघालेलं एलव्ही (लॉजिकल व्हॉल्यूम) पुसून टाकता येतं आणि काढून टाकता येतं, म्हणजे तो ऑप्शन मुळात स्नॅपशॉट मोडून फेकून देण्यासाठी आहे.

नीट समजून घ्या कारण सगळं यावरच अवलंबून आहे. जुन्या पद्धतीच्या एलव्हीएम स्नॅपशॉटमध्ये पूर्ण कॉपी कधीच नसते. पेरेंटवर कुणी लिहिलं तर आधी जुना चंक उचलून स्नॅपशॉटच्या जागेत ठेवतात मग वर नवीन लिहितात, आणि स्नॅपशॉटवर लिहिलं तर ते सरळ स्नॅपशॉटच्या जागेत जातं. जे कुणीच बदललं नाही ते अजून पेरेंटवरूनच वाचलं जातं. तुमचे मासिकांचे स्कॅन कुणी बदलले नसणार, म्हणजे स्कॅन सगळे आजही पेरेंटच्या ब्लॉकवर आहेत, तुम्ही बघता स्नॅपशॉटमधून एवढंच. पेरेंट काढलं की एलव्हीरिमूव्ह स्वतःच विचारेल की याचे स्नॅपशॉट पण जातील, आणि हो म्हटलं की दोन्ही गेले.

कुणी ऑलरेडी स्प्लिट करून बसलं असेल आणि हे वाचत असेल तर: दोन्हीपैकी कुठल्याही एलव्हीवर एक बाइटसुद्धा लिहिलेला नसेल तर परत जोडता येतं, एलव्हीकन्व्हर्टला टाइप स्नॅपशॉट देऊन आधी ओरिजिन (म्हणजे पेरेंट) मग तो तुकडा, पण झीरो ऑप्शन 'एन' द्यायलाच हवा नाहीतर तो पहिले ४ केबी शून्य करतो आणि नोंदवही तिथेच सुरू होते.

एलव्हीएस (व्हॉल्यूमची यादी दाखवणारी कमांड) चं आउटपुट टाका, विशेषतः डेटा% चा कॉलम, म्हणजे स्नॅपशॉटची जागा किती भरलीय ते.

कोकणी_रूट:
वर दादांनी सांगितलंय ते बरोबर. सरळ रस्ता म्हणजे तेवढ्याच साइझचं नवीन एलव्ही करायचं, स्नॅपशॉट अनमाउंट करायचा आणि डीडी ने पूर्ण कॉपी मारायची, ब्लॉक साइझ ४ एमबी ठेवा म्हणजे बरं चालतं. ती कॉपी खरोखर स्वतंत्र असते. एक्सएफएस असल्यामुळे कॉपीचा यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक) पण तोच येतो आणि दोन्ही एकाच वेळी माउंट करायला गेलात की कर्नल नकार देतो, म्हणून कॉपी झाल्यावर एक्सएफएस_अ‍ॅडमिन ने नवीन यूयूआयडी जनरेट करून घ्या. पण ३५ जीबीत हे बसत नाही, एखादी डिस्क लावता येईल का?

वाचनालय_सर्व्हर:
बापरे, बरं झालं विचारलं. नवीन डिस्क आत लावायला जागा नाही, बे भरलेत, आणि समितीची मंजुरी पुढच्या बैठकीत. १ टीबीची एक यूएसबी डिस्क मात्र आहे. एलव्हीएस मध्ये साठा ४०० जीबी, साठा_युनि ६० जीबी ओरिजिन साठा, डेटा% ८३.०१.

रात्रपाळी:
८३!! बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आत्ता, हे वाचता वाचता, एलव्हीएक्स्टेंड ने साठा_युनिला २० जीबी वाढवून द्या. स्नॅपशॉट माउंट असताना चालतं, काही बंद करावं लागत नाही. जुन्या पद्धतीचा स्नॅपशॉट १०० टक्के भरला की तो इनव्हॅलिड होतो, अ‍ॅट्रिब्यूटमध्ये पाचवं अक्षर मोठं आय दिसायला लागतं, आणि मग त्यातलं काहीच वाचता येत नाही. साधारणपणे लोकांचा फक्त बॅकअपसाठी घेतलेला स्नॅपशॉट जातो त्यामुळे फार कुणी रडत नाही, पण तुमचा तर खरा डेटाच त्यात आहे, कन्व्हर्जन, ताईंनी तपासलेल्या नोंदी, रोजची देवघेव, सगळं त्या ६० जीबीत भरत चाललंय. पेरेंट सुरक्षित राहील पण पेरेंटमध्ये तो जुना न सापडणारा कॅटलॉग आहे.

आणि एलव्हीएम.कॉन्फ मध्ये स्नॅपशॉट_ऑटोएक्स्टेंड_थ्रेशोल्ड बघा, डिफॉल्ट १०० असतो आणि १०० म्हणजे बंद. ७० करा, बाजूचा पर्सेंट २० असेल तसाच राहू दे, डीएमइव्हेंटडी (यावर नजर ठेवणारी सेवा) चालू आहे ना तेही बघा. व्हीजीत मोकळी जागा असेल तेवढीच तो वाढवतो, कुठून आणणार दुसरीकडून. हे झालं की रात्री यूएसबी डिस्कवर फाइल-लेव्हल बॅकअप, आरसिंक ने स्कॅन आणि मारियाडीबी असेल तर तिचा डम्प वेगळा. बॅकअप होईपर्यंत पुढची एकही कमांड मारू नका, प्लीज.

सह्याद्री_नोड:
मला वाटतं सगळे जण एकाच दिशेने विचार करतायत, की स्नॅपशॉटला पेरेंटपासून बाहेर काढायचं. पण प्रश्न परत वाचा. पेरेंटमधला आजचा डेटा त्यांना नकोच आहे, त्यावर काही चालत नाही, शेवटी ते काढूनच टाकणार आहेत. मग पूर्ण कॉपी करायची गरजच काय? स्नॅपशॉट पेरेंटमध्ये मर्ज करा. एलव्हीकन्व्हर्टचा मर्ज ऑप्शन स्नॅपशॉटमधले बदललेले चंक पेरेंटवर लिहितो, संपलं की स्नॅपशॉट आपोआप निघून जातो आणि राहतं ते एकच साधं व्हॉल्यूम, ज्यात स्नॅपशॉटमधला डेटा असतो. नाव आणि एलव्हीचा यूयूआयडी पेरेंटचा राहतो. नवीन जागा शून्य लागते, उलट स्नॅपशॉटची जागा व्हीजीला परत मिळते.

मर्जला लोक रोलबॅक म्हणून ओळखतात, अपडेट फसलं की मागे जायला वापरतात, म्हणून या कामासाठी कुणाच्या डोक्यात येत नाही. पण तुमच्या केसमध्ये स्नॅपशॉट पुढे गेलाय आणि पेरेंट मागे राहिलंय, त्यामुळे तोच रोलबॅक तुम्हाला पुढे नेतो. एकच विचारते, देवघेव सुरू केल्यापासून पेरेंटवर कुणीही काही लिहिलेलं नाही हे नक्की ना? कारण मर्ज झाला की पेरेंटमध्ये नंतर आलेल्या नोंदी गेल्या, आणि मर्ज उलटा फिरवता येत नाही.

टाकी_पूल:
एलव्हीएम सोडून बोलतो थोडं, पण हाच गोंधळ झेडएफएस (दुसरी एक फाइलसिस्टिम) मध्ये पण होतो म्हणून लिहितोय. तिथे स्नॅपशॉटवर लिहिता येत नाही, त्याचा क्लोन (लिहिता येणारी प्रत) करावा लागतो, आणि क्लोन जिवंत असेपर्यंत तो स्नॅपशॉट आणि त्याचं पेरेंट काढता येत नाही. डिस्ट्रॉय मारलं की एरर येते की डिपेंडंट क्लोन आहेत, काढायचे असतील तर मोठा आर वापरा. हा मोठा आर वापरू नका कधीच न बघता, तो क्लोनसकट सगळं उडवतो, आधी छोटा एन आणि छोटा व्ही देऊन नुसतं काय उडणार ते बघा.

तिथे प्रमोट म्हणून कमांड आहे, ती नात्याची दिशा बदलते. स्नॅपशॉट क्लोनच्या नावावर जातो आणि जे पेरेंट होतं ते क्लोन बनतं, मग ते निवांत काढता येतं. क्षणात होतं कारण एक ब्लॉकसुद्धा कॉपी होत नाही. पण दोघंही ठेवायचे असतील आणि एकमेकांशी संबंध नको असेल तर प्रमोटचा उपयोग नाही, तिथे सेंड-रिसीव्ह करूनच पूर्ण कॉपी घ्यावी लागते, तेवढी जागा द्यावीच लागते. सह्याद्री ताईंनी विचारलेला प्रश्न तिथेही पहिला विचारायचा, दोघंही हवेत की एकच.

स्तर_स्तर:
सेफ (Ceph, अनेक सर्व्हरवर पसरलेली स्टोरेज व्यवस्था) बद्दल पण लिहितो, कारण कामावर आमच्याकडे ओपनस्टॅक या क्लाउड सॉफ्टवेअरच्या खाली सेफ आहे आणि हा विषय सारखा येतो. आरबीडी (सेफमधल्या व्हर्च्युअल डिस्क) मध्ये इमेज, तिचा स्नॅपशॉट, आणि स्नॅपशॉटवरून क्लोन. इमेज डिफॉल्टने ४ एमबीच्या ऑब्जेक्टमध्ये कापलेली असते, क्लोनमध्ये एखादा ऑब्जेक्ट नसेल तर वाचायला पेरेंटकडे जातो आणि पहिल्यांदा लिहिलं की अख्खा ४ एमबी पेरेंटवरून वर आणतो. वेगळं करायचं म्हणजे फ्लॅटन, तो पेरेंटमधले उरलेले सगळे ऑब्जेक्ट क्लोनमध्ये कॉपी करतो आणि मग इन्फो मध्ये पेरेंटची ओळ दिसायची बंद होते. व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) चालू असताना चालतं पण क्लस्टरवर लोड येतो, एकाच वेळी शंभर क्लोन फ्लॅटनला लावले की दुसऱ्यांच्या व्हीएम हळू व्हायला लागतात, थोडे थोडे करा.

दोन गोष्टी सहसा कुणी सांगत नाही. एक, क्लोनचे स्वतःचे स्नॅपशॉट असतील तर नुसत्या फ्लॅटनने ते पेरेंटला चिकटलेलेच राहतात, इमेज बनवताना डीप-फ्लॅटन फीचर चालू असेल तरच तेही सुटतात. ते फीचर नंतर बंद करता येतं पण नंतर चालू करता येत नाही, आणि कर्नलच्या आरबीडी ड्रायव्हरला ते ५.१ पासून कळतं, त्यामुळे जुन्या कर्नलसाठी कुणीतरी बंद करून ठेवलेल्या इमेज अजून सापडतात. दुसरं, पूर्वी क्लोन करायच्या आधी स्नॅपशॉट प्रोटेक्ट करावा लागायचा आणि काढताना अनप्रोटेक्ट, आणि एक क्लोन जरी राहिला तरी अनप्रोटेक्ट व्हायचं नाही. सेफच्या २०१८ च्या मिमिक आवृत्तीपासून क्लोनचा नवीन फॉरमॅट आला, त्यात प्रोटेक्ट लागत नाही, स्नॅपशॉट काढला की तो दिसेनासा होतो पण आतून ट्रॅशमध्ये राहतो, शेवटचा क्लोन सुटेपर्यंत. लोकांना वाटतं काढला मग जागा का नाही मोकळी झाली. चिल्ड्रेन कमांड चालवून बघा कोण लटकलंय.

सिंडर (ओपनस्टॅकचा व्हॉल्यूम सांभाळणारा भाग) मध्ये स्नॅपशॉटवरून व्हॉल्यूम केलं तर डिफॉल्टने फ्लॅटन होत नाही, आरबीडी_फ्लॅटन_व्हॉल्यूम_फ्रॉम_स्नॅपशॉट हे फॉल्स असतं. माझं स्पष्ट मत, जे व्हॉल्यूम वर्षानुवर्षं राहणार आहे ते फ्लॅटन करून ठेवावं, जे आठवड्यात उडणार आहे ते राहू द्यावं. जागा वाचवायच्या नादात लांबलचक साखळ्या झालेल्या मी बघितल्यात आणि मग पेरेंटच्या एका ऑब्जेक्टला धक्का लागला की खालचे सगळे एकदम आजारी.

वाचनालय_सर्व्हर:
सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी समजावलं नव्हतं. २० जीबी लगेच वाढवले, डेटा% ६२.२६ वर आला. बॅकअप रात्रभर चालून झाला, डम्प दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून बघितला, शोध नीट लागतोय.

ताई, पेरेंटवर नक्की काही लिहिलेलं नाही, काउंटरचं सॉफ्टवेअर थेट साठा_युनिच्या पाथवर जातं. पण एक सांगायचं राहिलं, पेरेंटवर अजून एक स्नॅपशॉट आहे, 'साठा_आधी', २० जीबीचा, कन्व्हर्जनच्या आधी कुणीतरी घेतलेला, डेटा% ४ च आहे. तो असताना मर्ज चालेल का? आणि एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना काय माउंट करायचं त्या फाइलमध्ये) साठा_युनिची ओळ आहे, नोयूयूआयडी (सारखा यूयूआयडी चालवून घेणाऱ्या) ऑप्शनसकट.

सह्याद्री_नोड:
हे सांगितलंत ते फार चांगलं केलंत. मर्ज करताना पेरेंटवर लिखाण होतं, आणि पेरेंटवर लिखाण झालं की बाकीच्या स्नॅपशॉटसाठी जुने चंक त्यांच्या जागेत उचलून ठेवले जातात. तुमचे बदललेले चंक साधारण ५० जीबी आहेत, साठा_आधीला जागा २० च, म्हणजे मर्जच्या मध्येच तो भरणार आणि इनव्हॅलिड होणार. मर्जचं काही बिघडणार नाही पण त्यातलं काही हवं असेल तर आधी काढून घ्या. नको असेल तर मर्जच्या आधीच एलव्हीरिमूव्ह करा, विनाकारण प्रत्येक चंक दोनदा लिहायला नको, वेळ पण वाचेल.

मग वाचनालय बंद झाल्यावर डेटाबेस थांबवा, साठा_युनि अनमाउंट करा, पेरेंट तर माउंट नाहीच, आणि मर्ज सुरू करा. दोन्ही बंद असतील तर लगेच सुरू होतो. एखादं उघडं राहिलं असेल तर तो म्हणेल की पुढच्या अ‍ॅक्टिव्हेशनला होईल, घाबरू नका, कोण धरून बसलंय ते एलएसओएफ ने बघा आणि सोडवा, मग एलव्हीचेंजने एकदा बंद करून परत चालू करा. चालू असताना एलव्हीएस मध्ये पेरेंटचं पहिलं अक्षर मोठं ओ दिसेल आणि डेटा% कमी कमी होत जाईल. मध्ये लाइट गेली तरी परत अ‍ॅक्टिव्हेट झालं की जिथे थांबलं तिथून पुढे जातं, तरी यूपीएस बघून घ्या.

खरं तर मर्ज संपायची वाटही बघायला लागत नाही, सुरू झाला की साठा माउंट केलं तरी आतून स्नॅपशॉटचाच डेटा दिसतो. पण तुम्हाला घाई नाहीये, रात्र हातात आहे, पूर्ण होऊ द्या. एफएसटॅबमध्ये साठा_युनिच्या जागी साठा लिहा, नोयूयूआयडी काढून टाका, त्याची आता गरज नाही. माउंटचा फोल्डर तोच ठेवलात तर काउंटरच्या सॉफ्टवेअरला काही बदलावं लागणार नाही.

कोकणी_रूट:
मर्जच्या आधी एक विनंती. जुना कॅटलॉग, तो नॉन-युनिकोडवाला, फक्त डेटाबेसच्या फाइली, पेरेंटमधून यूएसबी वर काढून ठेवा. जुन्या फॉन्टवरून युनिकोड करताना काही अक्षरं चुकीच्या मॅपिंगने शांतपणे बदलतात आणि ते वर्षांनी एखाद्या दुर्मिळ पुस्तकाच्या नावात सापडतं, तेव्हा मूळ नोंद काय होती हे बघायला तीच एक जागा असते. पेरेंट माउंट करताना रीड-ओन्ली, नोरिकव्हरी आणि नोयूयूआयडी तिन्ही द्या. नोरिकव्हरी नसेल तर एक्सएफएस रीड-ओन्ली असतानाही लॉग रिप्ले करू शकतो, म्हणजे पेरेंटवर लिखाण. आणि माउंट वेगळ्या फोल्डरवर करा.

वाचनालय_सर्व्हर:
केलं. जुना कॅटलॉग काढला, ज्या फॉन्टमध्ये टाइप केला होता त्याची फाइल पण सोबत ठेवली, नाहीतर तो कॅटलॉग वाचणार कशाने. साठा_आधी मध्ये वेगळं काहीच नव्हतं, तो काढला. काल कुलूप लावल्यावर मर्ज लावला, पहिल्यांदा म्हणाला पुढच्या अ‍ॅक्टिव्हेशनला होईल, बघितलं तर बॅकअपची स्क्रिप्ट पेरेंटच्या डिव्हाइसला धरून बसलेली, ती बंद करून डीअ‍ॅक्टिव्हेट-अ‍ॅक्टिव्हेट केल्यावर सुरू झाला. टक्के उतरताना बघत बसलो होतो. आता एलव्हीएस मध्ये एकच ओळ, साठा, ४०० जीबी, ओरिजिनचा कॉलम रिकामा, व्हीजीत ११५ जीबी मोकळे. सकाळी ताईंनी दहा-बारा पुस्तकं शोधून बघितली, सगळी आली.

आता ट्रायलसाठी परत स्नॅपशॉट घ्यायचा झाला तर हाच प्रकार नको, थिन (सामायिक पूलमधून लागेल तशी जागा घेणारी पद्धत) वापरू का?

रात्रपाळी:
अभिनंदन! हो, पुढच्या ट्रायलसाठी थिन चांगलं. थिन पूलमधला स्नॅपशॉट पेरेंटवर अवलंबून नसतो, ब्लॉक दोघांचे सामायिक असतात पण हिशेब पूल ठेवतो, त्यामुळे पेरेंट काढलं तरी स्नॅपशॉट जसाच्या तसा राहतो आणि वेगळं करायचा प्रश्नच येत नाही. फक्त थिन स्नॅपशॉट डिफॉल्टने आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होत नाही, एलव्हीचेंजला मोठा के द्यावा लागतो, लोक तिथे अडकतात. आणि पूल भरला तर एक स्नॅपशॉट जात नाही, पूलमधल्या सगळ्या व्हॉल्यूमचं लिखाण अडतं, म्हणून डेटा% आणि मेटा% (पूलच्या हिशेबाची जागा किती भरली ते) दोन्हीवर अलर्ट लावल्याशिवाय सुरू करू नका. ११५ जीबीत ४०० चं साठा थिनमध्ये हलवता येणार नाही, त्यासाठी ती नवीन डिस्क समितीकडून मंजूर करून घ्याच. तोपर्यंत जुन्या पद्धतीचा स्नॅपशॉट घ्या, काम झालं की त्याच आठवड्यात मर्ज करा नाहीतर काढून टाका.